‘नेक्स्ट’ दिल्यावर डीबगर नेमका कुठे थांबतो?

डीबगर म्हणजे प्रोग्राम ओळीओळीने थांबवत चालवून चुका शोधायचे साधन. त्यातल्या स्टेप (पुढच्या ओळीवर जा, वाटेत फंक्शन आले तर त्याच्या आत शिर), नेक्स्ट (वाटेतले फंक्शन पूर्ण चालवून पुढच्या ओळीवर जा) आणि फिनिश (चालू फंक्शन संपवून बाहेर ये) या आज्ञा रोजच्या वापरात इतक्या साध्या वाटतात की त्यांची स्वयंचलित चाचणी लिहायला बसेपर्यंत त्यांतली गुंतागुंत माझ्या लक्षातच आली नव्हती. पहिल्या चाचणीत मी ‘आता ओळ १४ यावी’ अशी अपेक्षा थेट आकड्याने लिहिली. पुढे फाइलच्या माथ्यावर दोन ओळींची कॉमेंट आली आणि डीबगर निर्दोष असूनही सगळ्या चाचण्या कोसळल्या. जीडीबी या डीबगरच्या चाचणीसंचातली तोड सोपी आहे: अपेक्षित ओळीवर खुणेची कॉमेंट ठेवायची आणि तिच्यावरून ओळीचा क्रमांक चाचणी चालतानाच शोधायचा.

खरी कसोटी रिकर्शनची. नेक्स्ट दिल्यावर वाटेत फंक्शन आले, तर डीबगर सहसा परतीच्या पत्त्यावर (ते फंक्शन संपल्यावर प्रोग्राम जिथे परततो तिथे) तात्पुरता ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबण्याची खूण, ठेवतो, पण फंक्शन स्वतःलाच बोलावत असेल तर आतली फेरीही त्याच पत्त्यावर परतते. म्हणून ५ पासून सुरू होऊन १ वर थांबणाऱ्या फॅक्टोरिअलमध्ये मी ओळीबरोबर ‘एन’ची किंमतही तपासतो, ५ ऐवजी २ दिसले, तर डीबगर चुकीच्या फ्रेममध्ये, म्हणजे फंक्शनच्या भलत्याच फेरीत, अडकला आहे. ऑप्टिमायझेशन, म्हणजे प्रोग्राम वेगवान व्हावा म्हणून कंपायलर करतो ते फेरफार, मात्र मी बंदच ठेवतो (हा थोडा पळपुटेपणा आहे, हे मान्य), कारण ते चालू असले की ओळी मागेपुढे होतात आणि दोष कंपायलरचा की डीबगरचा, हे ठरवण्यातच दिवस जातो.