तालुक्यात कामाची मागणी नाही

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. मराठवाड्यातल्या ज्या तालुक्यात मी तेव्हा मजूर संघटनेबरोबर काम करत होते, तो त्या यादीत होता. पण केंद्राच्या ग्रामीण रोजगार हमी योजनेच्या, म्हणजे मनरेगाच्या, संकेतस्थळावर त्याच तालुक्याचा तक्ता उघडला की वेगळंच चित्र दिसायचं. किती कुटुंबांनी काम मागितलं आणि किती कुटुंबांना दिलं, हे दोन्ही आकडे जवळपास सारखे. गावांच्या ओळी खाली सरकवत गेलं तर निम्म्याहून जास्त गावांपुढे दोन्हीकडे शून्य. तक्ता म्हणत होता, इथं कुणी काम मागितलेलंच नाही.

अर्थशास्त्र शिकले, काही वर्षं शिकवलंही. मग रोजगार हमीच्या हिशेबाकडे वळले आणि तिथंच रमले. आकडा गोळा होताना तो कुणाच्या हातून जातो, कुठल्या टेबलावर अडतो, हे पाहिल्याशिवाय त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही, ही सवय याच कामानं लावली. मागणीचा आकडा तर फारच नाजूक. काम मागितलं आणि त्याची नोंद झाली नाही, तर सरकारी कागदासाठी ती मागणी झालेलीच नसते. मग राज्यात, दिल्लीत, एखाद्या चर्चासत्रात कुणीतरी तोच तक्ता पडद्यावर दाखवतं आणि म्हणतं, ग्रामीण भागात आता या योजनेची फारशी गरज उरलेली नाही. असं बोलताना मी माणसं ऐकली आहेत. शिकलेली, सज्जन माणसं.

डिसेंबरातल्या त्या दिवशी आम्ही तहसीलला गेलो ते या शून्यासाठीच. दोन वाड्या आणि एक तांडा, तिथल्या बायका बरोबर होत्या. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर गेलेल्या. मागे उरल्या त्या म्हाताऱ्या, एकट्या बायका, लेकरांची शाळा बुडू नये म्हणून थांबलेल्या आया, आणि कोयत्याला जोडीदार नाही म्हणून टोळी नेणाऱ्या मुकादमानं ज्यांना उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिली नाही त्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तिथला हिशेब. नवरा मेलेल्या बाईला टोळीत जागा मिळणं अवघड. विहिरी आटलेल्या, ज्वारी हातची गेलेली. काम लागणार होतं ते नेमकं यांनाच.

ग्रामपंचायतीत अर्ज देऊन झाला होता. ग्रामरोजगार सेवकानं कागद घेतले, पोच दिली नाही. महाराष्ट्रात या योजनेचा कार्यक्रम अधिकारी तहसीलदार असायचा आणि काम मागणारा थेट त्याच्याकडेही अर्ज देऊ शकत होता. म्हणून आम्ही सगळे अर्ज पुन्हा भरले. नमुना ४ हा मागणीचा अर्ज आणि नमुना ५ ही त्याची पोच. कचेरीबाहेरच्या कडुनिंबाखाली बायका मांडीवर वही ठेवून बसल्या, दहावी झालेल्या दोन पोरी जॉब कार्डावरचे लांबलचक नंबर उतरवत होत्या, आणि अंगठ्याची शाई एकीकडून दुसरीकडे फिरत होती.

आतल्या कारकुनानं गठ्ठा हातात घेतला आणि म्हणाले, "ठेवून जा मॅडम, बघतो." पोच मागितली तर म्हणाले, "साहेब आल्यावर." साहेब, म्हणजे तहसीलदार, दौऱ्यावर होते. बायका व्हरांड्यात बसल्या. कुणीतरी फडक्यात बांधलेल्या भाकरी सोडल्या.

दुपारी साहेब आले. तरुण होते, बोलायला सभ्य. त्यांनी सांगितलं ते मी बऱ्याच ठिकाणी ऐकलेलं आहे. शेल्फ म्हणजे मंजूर करून ठेवलेल्या कामांची यादी. "शेल्फवर भरपूर कामं मंजूर आहेत. आम्हाला मजूरच मिळत नाहीत. सगळे उसाला गेलेत." व्हरांडा त्यांच्या खिडकीतून दिसत होता. मी म्हटलं, "साहेब, मजूर बाहेर बसलेत." ते म्हणाले, "या मागतील, पण कामावर येणार नाहीत. चर खोदणं झेपतं का यांना?"

हे खिडकीबाहेर ऐकू गेलं. एक आजी उठून दारात आल्या. "बहात्तरला मी खडी फोडलीय, साहेब," त्या म्हणाल्या. "पोटुशी होते. सुकडी खाऊन दिवस काढले. तवा कुणी न्हाई इचारलं झेपतंय का."

बहात्तर म्हटलं की मराठवाड्यातल्या घरोघरी अजून काहीतरी हलतं. मे १९७३ मध्ये, दुष्काळ ऐन भरात असताना, महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी त्या दुष्काळाचा बारकाईनं अभ्यास केला आहे. सलग वर्षं पीक बुडालं तरी मोठ्या प्रमाणावर भूकबळी टळले, कारण लोकांच्या हातात मजुरी होती. धान्य पिकलं नाही म्हणजे माणसं मरायलाच हवीत असं नाही. विकत घ्यायची ऐपत राहिली तर माणूस तगतो. हे सूत्र अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवलं जातं. त्या दिवशी ते नऊवारी नेसून दारात उभं होतं.

आणि ही हमी महाराष्ट्रानंच देशाला दिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला छोटा प्रयोग केला, त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या अर्थशास्त्रज्ञांनी देशातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला, त्यांचाही निष्कर्ष असाच होता: ग्रामीण गरिबाला जमीन देणं पुरणार नाही, सार्वजनिक कामांतून रोजगार द्यावा लागेल. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर मुळात याच योजनेसाठी आला. पगाराच्या पावतीवर ती रक्कम पाहणाऱ्या फार थोड्यांना हे माहीत असतं, आणि मला ते खुपतं. शहरानं खेड्याला दिलेल्या शब्दाची ती खूण आहे. केंद्राचा कायदा २००५ मध्ये झाला, २००६ च्या फेब्रुवारीत तो २०० जिल्ह्यांत सुरू झाला आणि एप्रिल २००८ पासून देशभर.

या केंद्रीय कायद्याची रचना फार विचारपूर्वक केलेली होती. अकुशल मजुरीचा पैसा केंद्र द्यायचं. पण अर्ज दिल्यापासून पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेरोजगार भत्ता द्यावा लागायचा राज्याला: पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव हिस्सा, पुढे किमान निम्मा. म्हणजे काम दिलं तर खर्च दिल्लीचा, न दिलं तर स्वतःचा. राज्यानं काम द्यावं म्हणून घातलेली ही मेख. पण पंधरा दिवस मोजायचे कुठून? पोचेवरच्या तारखेपासून. तारीख नाही तर पंधरा दिवस नाहीत, पंधरा दिवस नाहीत तर भत्ता नाही, आणि एवढा सगळा विचार एका कारकुनाच्या पेनापाशी येऊन थांबायचा. पोच का मिळत नाही याचं कोडं मला कधीच पडलं नाही. ती न देण्यात कचेरीचा सरळ फायदा होता. एकटा कारकून वाईट असतो असंही नाही. त्याला वरून तोंडी सांगितलेलं असतं.

साहेबांपुढे मी कायद्याची प्रत ठेवली. वाद घातला नाही. दुष्काळी तालुक्यात शंभराऐवजी दीडशे दिवसांचा खर्च केंद्र उचलतं, आणि त्यापुढेही काम मागितलं तर महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा आहेच, एवढं सांगितलं. तुमच्या तालुक्याचा मागणीचा रकाना शून्य राहिला तर तुम्हालाच कामं मिळणार नाहीत, हेही सांगितलं. ते बराच वेळ कागद चाळत राहिले. मग कारकुनाला हाक मारून म्हणाले, "देऊन टाका पोच."

चार वाजून गेले होते. एकेक नाव पुकारलं जाऊ लागलं. बाई पुढे जायची, कारकून नमुना ५ भरायचे, सही करायचे, गोल शिक्का दाबायचे. कागद हातात घेताना बायकांचे चेहरे उजळत होते. माझ्यावरचाही ताण सैल झाला होता. मी आवक नोंदवहीतले क्रमांक लिहून घेत होते.

पाचवी-सहावी पोच दिली गेली असेल. तांड्यावरची एक बाई, पस्तिशीची, आपला कागद घेऊन टेबलापासून हललीच नाही. तिला वाचता येत नाही. तिनं कागद टेबलावर परत ठेवला आणि एका कोऱ्या जागेवर बोट टेकवलं.

"इथं आकडे न्हाईत," ती म्हणाली.

कारकून म्हणाले, "सही आहे, शिक्का आहे, झालं की."

"तारीख कुठंय?"

तारीख नव्हती. आधीच्या पोचा गोळा करून पाहिल्या, एकीवरही नव्हती. मी तिला विचारलं, तुला कसं कळलं गं? ती म्हणाली, "मुकादमाची चिठ्ठी असती ना उचलीची, तिच्यावर तारीख नसली की तो हिशेब मागंपुढं करतो. पैसे घेतले कवा आन् फिटले कवा, तो सांगल ते खरं. माझा नवरा त्यातच अडकला व्हता. दोन हंगाम फुकट तोडलाय ऊस."

मी अभ्यास वाचून जे शिकले ते ती उसाच्या फडात शिकली होती, आणि माझ्यापेक्षा पक्कं शिकली होती. ज्याच्या हातात तारीख त्याच्या हातात देणं-घेणं. या बाईला कुठल्याही समितीवर बसवलं असतं तर तिनं योजनेतली गळती आमच्याआधी दाखवली असती, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. धोरण ठरवणाऱ्या खोलीत अशी माणसं नसतात. तिथं आमच्यासारखे असतात, सरासरी घेऊन आलेले.

कारकून खाली मान घालून म्हणाले, "तारीख साहेब टाकतील." बाई म्हणाली, "मग साहेब टाकूस्तोर थांबते." तिच्यामागे सगळ्या थांबल्या. ज्यांना आधी मिळाल्या होत्या त्यांनीही कागद टेबलावर परत ठेवले. कुणी घोषणा दिल्या नाहीत, आवाज चढवला नाही. कचेरी बंद व्हायची वेळ टळून गेली, शिपाई किल्ल्या घेऊन उभा राहिला. शेवटी साहेबच केबिनमधून बाहेर आले, खुर्ची ओढून कारकुनाशेजारी बसले आणि स्वतःच्या हातानं प्रत्येक पोचेवर त्या दिवसाची तारीख घालू लागले. मधेच त्यांनी त्या बाईला विचारलं, "किती शिकलीस?" ती म्हणाली, "न्हाई शिकले." पुढे काही बोलले नाहीत, लिहीत राहिले. एका अधिकाऱ्यानं सगळ्यांसमोर असं करणं सोपं नसतं, याची मला जाणीव आहे.

पुढच्या आठवड्यात संकेतस्थळावर त्या वाड्या आणि तांडा ज्या दोन गावांत मोडतात, त्यांच्यापुढचं शून्य गेलं. पंधरा दिवसांच्या आत एका वाडीला नाला खोलीकरणाचं काम निघालं. मस्टर, म्हणजे हजेरीपट, निघालं, सकाळी खोदायच्या चौकड्या आखून दिल्या जाऊ लागल्या, आणि बहात्तरच्या आजी पाणी पाजायच्या कामावर लागल्या. तेव्हा महाराष्ट्राचा मजुरीचा दर दिवसाला २०३ रुपये होता. मोजमापाप्रमाणे मजुरी असल्यानं काहींना तेवढे पडले, कडक मुरूम लागला तिथं कमी. मजुरी खात्यावर यायला कायद्यानं सांगितलेले पंधरा दिवस उलटून गेले. ते वेगळं भांडण, वेगळ्या कचेरीशी.

तांड्याला मात्र मुदतीत काम निघालं नाही. सोळाव्या दिवशी त्या बायकांनी बेरोजगार भत्त्याचा अर्ज लिहायला घेतला. २०३ चा पाव हिस्सा म्हणजे ५० रुपये ७५ पैसे. पैसेसुद्धा लिहायचे का, असं एका पोरीनं विचारलं. बोट टेकवणारी ती बाई म्हणाली, "लिही. आपले हायेत."

अर्ज गेला आणि चारच दिवसांत तांड्याजवळच्या गायरानात समतल चरांचं काम सुरू झालं. तीन महिने जे जमत नव्हतं ते चार दिवसांत जमलं. काम लागलं, आता भत्त्याचं सोडून द्या, असा निरोप कचेरीतून आला. बायकांनी सोडलं नाही. मधल्या दिवसांचा भत्ता कामामुळे बुडत नाही, असं त्यांनी साहेबांना तोंडावर सांगितलं आणि दुसरा अर्ज दिला. वरून मंजुरी नाही, निधी नाही, अशी उत्तरं येत राहिली. मी त्या पोचांच्या प्रती, अर्जांच्या तारखा आणि काम सुरू झाल्याच्या तारखा एकत्र लावून सविस्तर टिपण केलं आणि जिल्ह्याला व मंत्रालयात पाठवलं. त्यात मागणी एवढीच होती की, अर्ज घेताच तारखेची पोच आपोआप निघावी आणि भत्त्याचा हिशेब त्याच तारखेपासून सुरू व्हावा, तो कुणाच्या मर्जीवर राहू नये. मार्च संपेपर्यंत भत्त्याचा एक रुपयाही आला नव्हता. एप्रिलमध्ये टोळ्या परतल्या, तांड्यावर माणसं वाढली, आणि नमुना ४ चा नवा गठ्ठा घेऊन आम्ही पुन्हा तहसीलला गेलो.