पावसाची खूण नसलेली टेकडी

मिसिसिपीच्या काठचे पूररोधक बांध हे माझं रोजचं काम. कुठला थर किती दाबला गेला, ओलावा किती, भराव पास की नापास. त्या रात्री पाऊस कोसळला. सकाळी बघतो तर आदल्या दिवशी रोलर फिरवलेल्या भरावावर बोटभर खोल ओघळ, खाली गाळाचा चकचकीत पापुद्रा. काम बंद. चिडत बसण्यापेक्षा तासाभरावरचं पॉव्हर्टी पॉइंट पाहून येऊ म्हटलं.

ईशान्य लुइझियानातलं हे ठिकाण २०१४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. मातीचे सहा अर्धवर्तुळाकार वरंबे, आणि त्यांच्या पश्चिमेला ‘माउंड ए’ ही मातीची टेकडी, २२ मीटर उंच. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी ती रचणारे लोक शेतकरी नव्हते. मासे, हरणं, रानातली फळं यांवर जगणारे. चाक नाही, बैल नाही. आणि माती सुमारे २,३८,००० घनमीटर! दहा घनमीटरच्या डंपरला जवळपास २४,००० फेऱ्या झाल्या. तेवीस किलोच्या टोपल्या धरल्या तर दीड कोटीवर.

अँथनी ऑर्टमन आणि ट्रिस्ट्रम किडर या पुरातत्त्वज्ञांनी टेकडीत खोल नळ्या घालून मातीचे नमुने काढले. तळाचा पाणथळ खळगा जाळून साफ केलेला, त्यावर बारीक फिकट मातीचा थर. त्याच्या वर भरावच भराव. ओघळ नाहीत, गाळाचा पापुद्रा नाही, मध्येच उगवलेल्या गवताची मुळंही नाहीत. इथली वाऱ्याने आणलेली भुसभुशीत माती पावसात लवकर वाहते, आणि एका पावसात भरावाचं काय होतं ते मी सकाळीच पाहिलं होतं. म्हणून त्यांचा अंदाज असा की सगळं काम ९० दिवसांच्या आत उरकलं असावं. मला आधी हे फुगवून सांगितल्यासारखं वाटायचं. आता नाही.

संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं. आजी बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर घमेली वाहायची. आई म्हणाली, “अरे, मातीकाम उन्हातच चालतं. पाऊस पडला की घमेलं टाकून सगळे शेताकडे पळतात.”

“यांना शेतंच नव्हती, आई.”

“मग पळणार कुठे?”

सोमवारी आम्ही बांधावरचा ओघळलेला थर खरवडून काढला आणि नव्याने दाबला. म्हणजे उद्या कुणी आमच्या बांधात नळी घातली, तर त्यालाही पाऊस सापडायचा नाही. त्या लोकांनीही असंच केलं असेल का? पण भिजलेली माती हातांनी खरवडायची, टोपल्यांनी खाली न्यायची, पुन्हा नवी वर चढवायची... छे, मला नाही पटत.