टिकलीएवढा टवका

वारज्यात बायपासच्या सर्व्हिस रस्त्याला लागून माझे गाड्यांच्या काचांचे दुकान आहे. समोरून दिवसभर खडीचे आणि क्रश सँडचे डंपर जात असतात आणि माझी निम्मी गिऱ्हाइके त्यांच्याच कृपेने येतात, हे मी लपवत नाही. खडा लागून काचेचा टवका उडाला असेल तर त्यात रेझिन, म्हणजे घट्ट होणारे पारदर्शक द्रव्य, भरून ती वाचवायची, आणि वाचण्यापलीकडे गेली असेल तर नवी बसवायची, एवढेच माझे काम. चौदा वर्षांत दुरुस्ती करता करता माझ्याच हाताखाली काच गेली, असे चार वेळा घडले. त्यातली तिसरी वेळ मला तारीखवार आठवते, कारण त्या दिवशी चूक नेमकी कुठे झाली हे मला त्याच क्षणी कळले होते.

एप्रिलमधली दुपार होती, दोनचा सुमार. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ सात वर्षांची छोटी गाडी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला त्यांना पत्नीसह कोल्हापूरला निघायचे होते. “एवढं एक भरून द्या म्हणजे डोक्याचा ताप गेला,” असे म्हणून त्यांनी काचेकडे बोट दाखवले. टवका डाव्या बाजूला, खालच्या काठापासून चार बोटांवर होता. मधोमध मुगाच्या डाळीएवढा खड्डा आणि त्यातून फुटलेले तीन बारीक पाय. वर रुपयाचे नाणे ठेवले तर सगळे झाकले जात होते. चालकाच्या नजरेच्या आड येत नव्हता, आणि आतल्या बाजूने बोट फिरवले तर काच गुळगुळीत लागत होती. म्हणजे भरण्यासारखा होता. “पंधरा मिनिटांचं काम आहे, काका. आठशे रुपये होतील,” मी म्हणालो. एरवी याच्यापुढे मी आणखी एक वाक्य बोलतो, की भरताना तडा पळू शकतो आणि तशी वेळ आली तर नव्या काचेचा खर्च गिऱ्हाइकाचा. ते वाक्य त्या दिवशी मी बोललो नाही. टवका इतका सोपा दिसत होता की बोलण्याची गरजच वाटली नाही.

भिंग लावून पाहिल्यावर खड्ड्याच्या तोंडाशी पिवळसर, काचेसारखाच चकाकणारा थर दिसला. विचारले तेव्हा काकांनी सांगितले की तीन आठवड्यांपूर्वी नवले पुलाच्या उतारावर डंपरमागे असताना खडा उडाला आणि घरी येताच त्यांनी झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब त्यात सोडला. त्यानंतर सोसायटीतला मुलगा रोज सकाळी गाडी धूतच होता. हा घरगुती उपाय मी आठवड्यातून एकदा तरी पाहतो आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात कपाळाला हात लावतो. गोंद तोंडाशीच घट्ट होतो, पायांत उतरत नाही. मग आत हवा आणि पाण्याचा अंश अडकून बसतो आणि रेझिनला वाटच उरत नाही. खडा लागला की काच कोरडी पुसून वर साधी पारदर्शक चिकटपट्टी लावावी आणि भरून घेईपर्यंत त्या जागी पाणी लागू देऊ नये. एवढे केले तरी आमचे अर्धे काम होते.

मी सुईने गोंद खरवडून काढला. आतला ओलावा घालवायचा तर काचेला आतल्या बाजूने हलकी ऊब द्यावी लागते. त्यासाठी मी लायटर वापरतो, ज्योत काचेला न टेकवता, फिरती ठेवून. चूक झाली ती इथे. काका भर उन्हातून आले होते, बाहेरून काचेला हात लावला तर चटका बसत होता आणि आतून एसीचा झोत थेट काचेवर सोडलेला होता. अशी काच सावलीत उभी करून अर्धा तास निवू द्यायची असते. मी पाच मिनिटेही थांबलो नाही. ऊब दिलेली जागा फुगू पाहते, भोवतीची गार काच तिला जागा देत नाही आणि तो सगळा ताण तड्याच्या टोकाशी जाऊन बसतो. मी लायटर विझवला, रेझिन आत दाबणारा पंप खड्ड्यावर बसवला आणि त्याच्या स्क्रूला जेमतेम अर्धा आटा दिला असेल, तेवढ्यात नखावर नख वाजावे इतका बारीक आवाज झाला. खालचा पाय काठापर्यंत उतरला, काठाशी क्षणभर थांबला, आणि मग उजवीकडे वळून माझ्या डोळ्यांदेखत, घाई न करता, स्टिअरिंगच्या दिशेने चालत गेला.

काकांनी चष्मा लावला, गाडीच्या कप्प्यातून मेजरिंग टेप काढली आणि तडा मोजला. “एक्केचाळीस सेंटीमीटर,” ते म्हणाले. आरडाओरडा नाही, एक वाकडा शब्द नाही. त्या शांतपणाने मला जास्त अवघडल्यासारखे झाले.

त्यांचा पहिला प्रश्न इंजिनियरला शोभेल असाच होता. काच फुटून अंगावर येणार नसेल तर याच काचेवर कोल्हापूरला जाऊन यायला काय हरकत आहे? अंगावर येणार नाही हे खरेच होते. पुढची काच म्हणजे काचेचे दोन पापुद्रे आणि त्यांच्यामध्ये पीव्हीबी नावाचा पाऊण मिलिमीटरचा चिवट पडदा. तडा फक्त बाहेरच्या पापुद्र्यात होता. दारांच्या काचा टेम्पर्ड असतात, त्या फुटल्या की सगळ्या दाण्यांचा एकच सडा पडतो आणि त्यात भरण्यासारखे काही उरत नाही. पुढची काच पडद्याला धरून राहते. पण डाव्या बाजूची एअरबॅग उघडते तेव्हा ती याच काचेचा आधार घेऊन माणसाकडे वळते आणि त्या जागी काकू बसणार होत्या. शिवाय तडा काठाला पोचला होता, घाटातल्या दोन खड्ड्यांत तो आणखी पुढे गेला असता. मी हे सांगितले तेव्हा काकांनी टेप गुंडाळून खिशात टाकली आणि विम्याची गोष्ट काढली.

त्यानंतरचा अर्धा तास मी त्यांच्याकडून शिकलो. नव्या काचेचा खर्च माझ्या दराने बावन्नशे रुपये होता. काचेला घसारा कापत नाहीत आणि पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची कपात हजार रुपयांची असते, म्हणजे दावा केला तर हातात येणार बेचाळीसशे. पण त्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, पन्नास टक्क्यांवर होता आणि तो सांभाळणारे जास्तीचे कलम त्यांनी घेतलेले नव्हते. एका पाकिटाच्या मागे त्यांनी लिहिले : दावा केला की पुढच्या वर्षी बोनस शून्य, मग वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि पुन्हा पन्नास. दरवर्षीचा तोटा अनुक्रमे पन्नास, तीस, पंचवीस, पंधरा, पाच टक्के. बेरीज सव्वाशे टक्के. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीपोटीचा मूळ हप्ता पाच हजार धरला तर सव्वासहा हजारांचा फटका. “हप्ता दरवर्षी थोडा उतरेल, तेवढं सोडून द्या. तरीसुद्धा दावा तोट्यातच जातो,” असे म्हणून त्यांनी पाकीट घडी घालून ठेवले. चौदा वर्षे मी लोकांना “विम्यातून करून घ्या की” असे सहज सांगत आलो होतो.

मग पैशांचा विषय निघाला आणि तो मीच काढला. ताकीद न देता आणि तापलेल्या काचेला ऊब दिल्यामुळे तडा पळाला, म्हणून काच माझ्या खर्चाने बसवतो, असे मी म्हणालो. काकांना ते मान्य होईना. गोंद त्यांनी घातला होता आणि तीन आठवडे दिरंगाईही त्यांचीच होती. शेवटी काचेची खरेदी किंमत त्यांनी द्यायची आणि मजुरी, काच चौकटीला चिकटवणारा सीलंट, दुरुस्तीचे आठशे यांतले काहीच मी घ्यायचे नाही, असे ठरले. मला अजूनही वाटते की माझा वाटा याहून मोठा होता.

नाना पेठेतून काच यायला साडेचार झाले. जुनी काच आम्ही दोघांनी तारेने कापून उतरवली, चौकटीवरचा जुना सीलंट तासून त्याचा पातळ थर तेवढा ठेवला, जिथे पत्रा उघडा पडला तिथे प्रायमर लावला आणि नवी काच बसवली. सीलंट तासाभरात गाडी चालवण्याइतपत धरतो असे त्याच्या नळीवर छापलेले होते, पण पहाटे निघायचे म्हटल्यावर मी रात्री साडेआठपर्यंत गाडी हलू दिली नाही. डावी-उजवी खिडकी बोटभर उघडी ठेवा आणि दार आपटू नका, नाहीतर आत कोंडलेल्या हवेचा दाब ओल्या सीलंटवर येतो, हे दोनदा बजावले.

एक गोष्ट मात्र दोघांच्याही लक्षातून गेली होती. फास्टॅग जुन्या काचेवर होता. तो मुद्दामच असा बनवलेला असतो की सोलून काढू गेले तर फाटतो. रात्री नऊ वाजता नवा टॅग कुठून आणणार? काका म्हणाले, “राहू दे, रोख भरतो.” टॅग नसला की तेव्हा रोखीने दुप्पट टोल पडायचा, आणि कोल्हापूरपर्यंत खेड शिवापूर, आणेवाडी, तासवडे आणि किणी असे चार नाके. तो जादा खर्च माझ्याकडे लावा, असे मी जाता जाता सांगून ठेवले.

आठवड्याने ते परत आले. काच आतून-बाहेरून तपासून घेतली, पाणी मारून गळती नाही ना ते पाहिले. मग खिशातून टोलच्या आठ पावत्या काढून काउंटरवर ओळीने मांडल्या, जातानाच्या चार आणि येतानाच्या चार. मी पाकीट काढले तर म्हणाले, “पैसे नकोत हो. फक्त एकदा बेरीज बरोबर आहे का, तेवढं बघा.”