कोयनेत बुडालेलं गाव शोधताना: शीट खरा, वाट खोटी

कोयनेच्या बॅकवॉटरखाली गेलेली आपली वाडी शोधायची असेल, तर नुसता नवा टोपोशीट, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचा तपशीलवार नकाशा, काढू नका. त्यावर निळं पाणी आहे, बस्स. धरणाआधीचा, एक इंचाला एक मैल प्रमाणाचा जुना शीट मिळवा. वाड्या, देवळं, विहिरी त्यावरच दिसतील. तापोळा-बामणोलीच्या खालचा पट्टा नेमका ४७ जी/१० आणि ४७ जी/१४ या क्रमांकांच्या शीटच्या शिवेवर पडतो, तेव्हा दोन्ही घ्या. तुलनेसाठी १:५०,००० चे नवे शीट सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवर फुकट मिळतात.

धरणाची पूर्ण पातळी सुमारे ६५९ मीटर, म्हणजे २१६३ फूट. जुन्या शीटवर २१५० आणि २२०० फुटांच्या कंटूरमधून (समान उंचीच्या रेषांमधून) पेन्सिल फिरवा, बुडालं काय नि वाचलं काय ते घरबसल्या कळतं. आमची वाडी रेषेखाली, देऊळ वर. इथवर मजाच होती.

मग ती तुटक रेघ. शीटवर धारेवरून देवळापर्यंत पायवाट आहे, आणि मुक्कामाच्या ठिकाणी छातीठोक सांगितलं, ‘गुरं जातात की रोज.’ गुरं सोडा, ससा जाणार नाही. डोक्यावरून कारवी, दहा पावलांपुढचं दिसत नाही. त्याहून वाईट खालचा काठ. पाणी ओसरलेल्या मे महिन्यात जमीन वरून भेगाळलेली, कोरडी खडखडीत. पाय टाकला की गुडघ्यापर्यंत गाळ. शंभरेक पावलांच्या त्या पट्ट्याने अख्खी दुपार खाल्ली. काठी टोचल्याशिवाय पाय टाकू नका. एकट्याने तर जाऊच नका.

शेवटी लाँच घेतली. जाण्याचे पैसे ठरले होते; परतीचे पलीकडे उतरल्यावर सांगितले, दुप्पट. पाण्याच्या मध्यावर घासाघीस कोण करणार? दोन्ही फेऱ्या नि थांबण्याचा वेळ चढण्याआधीच, चार लोकांसमोर ठरवा. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत उतरायचं असेल तर वनखात्याची परवानगीही आधी.

जोती दिसली, पण कोणाचं घर कुठलं ते जोती सांगत नाहीत. ते कळलं रायगडात, आमच्या पुनर्वसित गावठाणात. तिथल्या म्हाताऱ्या आत्याबाईंनी शीटवर बोट ठेवून वरचं आवाड (वस्ती), खालचं आवाड, कोणाची सून कुठून आली, सगळं लावून दिलं. तेव्हा आधी गावठाणात जा, शीटची मोठी झेरॉक्स घेऊन. जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीबदलाच्या नोंदी, त्यानंतर काढा, कुठलं नाव शोधायचं ते तोवर कळलेलं असतं.