सर्टिफिकेट पर्समध्ये, पण वेळ मिळेना

आमच्या गावाचं नाव रेडिंग, लंडनपासून ट्रेनने अर्ध्या तासावर, पण पाटीवर स्पेलिंग बघाल तर चक्क रीडिंग, म्हणजे वाचन. वाचायचाच त्रास असलेल्या पोराला घेऊन आम्ही नेमके याच गावात येऊन पडलो, यावर घरात इतके जोक करून झालेत की आता कुणी हसतही नाही.

चिरंजीव आता इयर इलेव्हनला, म्हणजे आपली दहावीच समजा, मे-जूनमध्ये जीसीएसई, म्हणजे इथली बोर्डाची परीक्षा. डिस्लेक्सिया आहे हे तो नऊ वर्षांचा असताना कळलं. तोंडी विचारा, धडाधड सांगेल, पण परिच्छेद पुढे ठेवला की एकाच ओळीवर तीनदा फिरून येतो आणि तोवर बाकीची पोरं पान उलटून मोकळी.

माझ्या नणंदेची मुलगी मुंबईत, तिलाही हेच. सायन हॉस्पिटलच्या एलडी, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी क्लिनिकमध्ये चकरा मारून मारून चपला झिजल्या बिचारीच्या, पण एकदा सर्टिफिकेट हातात आलं, शाळेने बोर्डाकडे पाठवलं, की दहावीला जादा वेळ मिळाला. माझ्या डोक्यात तेच गणित पक्कं, कागद आणा, सवलत घ्या. म्हणून इयर नाइनला, म्हणजे आपल्या आठवीला, आम्ही सहाशे पौंड मोजून प्रायव्हेट सायकॉलॉजिस्टकडून चोवीस पानी रिपोर्ट करून घेतला आणि मी तो ऐटीत शाळेत घेऊन गेले. इथे प्रत्येक शाळेत स्पेशल नीड्सच्या मुलांचं बघणारी एक शिक्षिका असते, तिला सगळे सेन्को म्हणतात. तिने रिपोर्ट चाळला, छान हसली आणि म्हणाली, यावर एक्स्ट्रा टाइम नाही देता येणार. सहाशे पौंड हो!

झालं असं की इथल्या सगळ्या परीक्षा बोर्डांचे नियम जेसीक्यू नावाची संस्था ठरवते आणि त्यांचं म्हणणं, शाळेला न विचारता बाहेरून परस्पर आणलेला रिपोर्ट चालणार नाही. टेस्ट शाळेने नेमलेल्या असेसरनेच घ्यायची, तीही इयर नाइन सुरू झाल्यानंतर, म्हणजे नवव्या वर्षीचा कागदही बाद. टेस्टमध्ये शंभर म्हणजे सरासरी. वाचनाचा वेग, लिहिण्याचा वेग, माहिती डोक्यात घोळवायचा वेग असं वेगवेगळं मोजतात आणि त्यातले दोन स्कोअर ८४ किंवा खाली, नाहीतर एक ८४ किंवा खाली आणि दुसरा ८५ ते ८९ मध्ये, असं असलं तरच २५ टक्के जादा वेळ मागता येतो. आणि एवढं करूनही भागत नाही! मुलगा वर्गात, चाचणीत, रोजच्या कामात तो जादा वेळ खरंच वापरतो का, याचा पुरावा लागतो. याला म्हणतात नॉर्मल वे ऑफ वर्किंग. परीक्षेच्या दिवशी अचानक सवलत आभाळातून पडत नाही, आधी ती सवय असायला हवी. खरं सांगायचं तर पहिले सहा महिने मला हा निव्वळ छळवाद वाटला, आता वाटतं की यात थोडं शहाणपण आहे, पण अट एकच, शाळेने तो पुरावा वेळेत गोळा करायला हवा.

आणि घोडं तिथेच पेंड खातं. इयर टेनच्या मध्यावर सेन्को बदलली, नवीन बाईंकडे फाइलच नाही. वर ऐकवलं की त्याला मार्क बरे आहेत, मग गरज काय? अहो, बरे आहेत कारण अर्ध्या पेपरातच बरे पडतात, उरलेला अर्धा कोराच असतो! त्या दिवशी घरी येऊन रडले, मग चहा केला आणि लॅपटॉप उघडला. भांडायचं नाही, लिहायचं, हे नवऱ्याचं म्हणणं, आणि एकदाच काय ते त्याचं बरोबर निघालं. प्रत्येक विषयाच्या टीचरला दोनच ओळींची मेल, वर्गात त्याचं काम वेळेत पुरं होतं का, नसेल तर कितपत राहतं? सेन्कोला वेगळी मेल, त्यात २०१० चा इक्वॅलिटी ॲक्ट, म्हणजे इथला समानतेचा कायदा, आणि रीझनेबल ॲडजस्टमेंट, म्हणजे अडचण असलेल्याला द्यायची वाजवी सोय, हे शब्द घातले. फोनवर गोड बोलणारी शाळा लेखी शब्दांपुढे जरा सरळ बसते. हिस्टरीच्या सरांचं उत्तर रात्री साडेदहाला आलं, शेवटचा मोठा प्रश्न त्याने वर्षभरात एकदाही पूर्ण केलेला नाही. मी ते उत्तर प्रिंट काढून फ्रिजवर लावणार होते, मुलाने लावू दिलं नाही.

मग पुढचं भराभर झालं, टेस्ट झाली, स्कोअर ७९ आणि ८३, शाळेने ऑनलाइन अर्ज केला, मंजूर. पावणेदोन तासाच्या पेपरला साधारण २६ मिनिटं जास्त. सोबत कॉम्प्युटर रीडर, म्हणजे पेपर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. इथे एक गंमत आहे, इंग्रजीच्या पेपरात वाचनच तपासायचं असतं त्या भागात माणसाने वाचून दाखवलेलं चालत नाही, पण कॉम्प्युटरने वाचून दाखवलेलं चालतं. का ते विचारू नका, मीही सोडून दिलंय.

इकडे नवीन येणाऱ्यांनो, भारतातून रिपोर्ट करून आणायच्या भानगडीत पडण्याआधी शाळेला मेल टाका आणि इयर नाइनपासूनच विचारायला लागा.

पुराव्याची त्यांची एक पद्धत मात्र मला फार आवडली. मॉक परीक्षेत ठरलेला वेळ संपला की मुलाने काळं पेन खाली ठेवायचं आणि जादा वेळेत हिरव्या पेनाने लिहायचं, म्हणजे त्या वेळाचा उपयोग किती झाला ते पानावरच दिसतं. हिस्टरीचा पेपर घरी आला तेव्हा शेवटचं दीड पान हिरवंगार होतं. मी फोटो काढून सांगलीला आईला पाठवला. तिचा लगेच फोन, "अगं, हिरव्या शाईने लिहायला हा काय गॅझेटेड ऑफिसर झाला का?"