रोज तोच दिवस

आज सुट्टी, त्यामुळे दिवसभर एकच कादंबरी घेऊन लोळले. १६ वर्षांची मुलगी. गजर वाजतो आणि पुन्हा कालचाच दिवस! आठवतं फक्त तिला. सुरुवातीला नुसती धमाल: पेपरची उत्तरं पाठ, कितीही फजिती झाली तरी रात्रीत पुसली जाते. पण ज्याच्यावर जीव जडला, तो रोज तिला नव्यानेच भेटतो. काल तासभर मनातलं बोललेला मुलगा आज "तुझं नाव काय?" विचारतो, तिथे मला भरूनच आलं. त्याचं सगळं हिला माहीत, हिचं त्याला काहीच नाही! शेवटी ती खरं सांगून टाकते. तो तिचं पेन घेऊन स्वतःच्या तळहातावर तिचं नाव लिहितो. सकाळी ते नसणार, दोघांनाही ठाऊक. ते पान मी तीनदा वाचलं.