बोकडाचं वीर्य गोठवण्याआधी धुवावं लागतं: माझा अनुभव

गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी मी निपाणी-चिकोडी भागात बरीच वर्षं फिरलोय. मोटारसायकलला द्रव नायट्रोजनचा कॅन बांधायचा, फोन आला की कोगनोळी नाहीतर सदलगा गाठायचं. स्ट्रॉ, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी, ३७ अंशाच्या पाण्यात ३० सेकंद धरायची, पुसायची, गर्भाशयात वीर्य सोडायच्या गनमध्ये भरायची. त्या स्ट्रॉमध्ये काय घालतात, काय काढतात, याच्याशी माझं देणंघेणं नव्हतं. मग चिकोडीजवळच्या एका छोट्या प्रयोगशाळेत उस्मानाबादी बोकडांच्या स्ट्रॉ बनवायचं काम निघालं, आणि जनावर हाताळणारा माणूस हवा म्हणून मला बोलावणं आलं.

वीर्य काढणं सोपं. माजावरची शेळी पुढं बांधली, एव्हीत (कृत्रिम योनीत) गरम पाणी भरलं, की बोकडाचं काम पापणी लवायच्या आत उरकतं. मिळतं जेमतेम अर्धा ते एक मिली, पण एवढं दाट की एका मिलीत दोन-चार अब्ज शुक्राणू सहज. सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला तर शिजत्या पिठल्यासारखा खदखदताना दिसतो.

म्हशीच्या रेड्याचं वीर्य यापुढं थेट डायल्यूटरमध्ये, म्हणजे वीर्य पातळ करून टिकवणाऱ्या द्रावणात जातं; त्यात ट्रिस बफर (आम्लता स्थिर ठेवणारं रसायन), अंड्याचा बलक आणि ग्लिसरॉल असतं. इथं आमचे सर म्हणाले, "थांब, आधी धुवायचं." मला वाटलं, भांडी धुवायला सांगतायत.

धुवायचं होतं वीर्यच. शुक्राणू ज्या पाण्यात पोहत येतात त्या पाण्याला सेमिनल प्लाझ्मा म्हणतात, आणि खोट त्या पाण्यात. बोकडाच्या मूत्रमार्गाजवळच्या काउपर ग्रंथीतून त्यात फॉस्फोलायपेज नावाचं विकर उतरतं. ते बलकातला लेसिथिन नावाचा स्निग्ध पदार्थ तोडतं, त्यातून लायसोलेसिथिन तयार होतं, आणि ते शुक्राणूचं आवरणच फोडतं. म्हणजे थंडीपासून राखायला घातलेला बलकच त्याच्या जिवावर उठतो. संशोधक ए. रॉय यांनी बोकडाच्या वीर्यातलं हे बलक साकळवणारं विकर १९५७ साली दाखवून दिलं. बलकाऐवजी दूध वापरलं तरी सुटका नाही. त्याच ग्रंथीतलं लायपेज दुधातली चरबी तोडून ओलेइक आम्ल मोकळं करतं, तेही मारकच.

ऐकून मान डोलावणं वेगळं. सरांनी एकाच बोकडाचं वीर्य दोन नळ्यांत वाटलं, एक धुतलेलं, एक तसंच. दोन्हींत २० टक्के बलकाचं डायल्यूटर घालून कोमट पाण्यात ठेवलं आणि आम्ही चहाला गेलो. परत येऊन न धुतलेली नळी तिरकी केली, तर आतला माल काचेला धरून सावकाश घसरायला लागला, मध्ये मध्ये गुठळ्या. धुतलेला पाण्यासारखा वाहिला. पहिल्या नळीच्या थेंबात बहुतेक शुक्राणू शेपट्या ताठ करून पडलेले. अजून नायट्रोजनचं तोंडही पाहिलं नव्हतं त्यांनी!

धुण्याची रीत लिहायला दोन ओळींची. वीर्यात त्याच्या कितीतरी पट कोमट ट्रिस बफर घालायचा, सेंट्रीफ्यूजमध्ये (गरगर फिरवून जड भाग तळाला बसवणाऱ्या मशीनमध्ये) फिरवायचं, वरचं पाणी पिपेटनं ओढून टाकायचं, पुन्हा एकदा तेच. खरी मेख वेगात आहे. जास्त जोरात फिरवलं की शुक्राणू तळाला घट्ट दाबले जातात, सुटे करताना दुखावतात. हळू फिरवलं की पाण्याबरोबर निघून जातात. थोडे तर कसंही करा, जातातच. त्यात आमच्याकडची लाईट! मशीन फिरत असताना गेली की डोक्याला हात. इन्व्हर्टर बसेपर्यंत काम पहाटे उरकायचो.

पुढचं सगळं ओळखीचं. ५ अंशापर्यंत सावकाश थंड करायचं, काही तास तसंच ठेवायचं, स्ट्रॉ भरून थर्माकोलच्या पेटीत नायट्रोजनच्या वाफेवर धरायच्या, मग उणे १९६ अंशात बुडवायच्या.

न धुता बलकच दोन-अडीच टक्क्यांवर आणायचा, असाही मार्ग आहे. एक-दोन दिवसांत वापरायच्या थंड वीर्याला मला तो बरा वाटतो, कष्ट वाचतात. गोठवायचं असेल तर मी धुण्याच्या बाजूचा. बोकड बदलला, ऋतू बदलला की त्या विकराचं प्रमाणही बदलतं, मग कमी बलकाच्या भरवशावर कोण बसणार?

एक बोकड माझ्या मामांचा होता. मामांनी सगळं बघून विचारलं, "अरं, पाणीच काढून टाकालाईस, मग शेळी गाभ कशी ऱ्हाणार?" प्रश्न अगदी रास्त. त्यांना सांगितलं, मामा, बोकड स्वतः लागला तरी ते पाणी बहुतेक मागंच राहतं, शुक्राणू एकटे पुढं पोहत जातात. मेलेल्या जनावराच्या वृषणाला चिकटलेल्या नळीतून काढलेल्या शुक्राणूंना तर या ग्रंथींचं पाणी लागलेलंच नसतं, तरी त्यांनी गाभ राहते. मामा "बघू" म्हणाले.

मात्र हे ऐकून कुणी वळूचं वीर्य धुवायला घेऊ नये. वळूच्या प्लाझ्मातली काही प्रथिनं शुक्राणूच्या आवरणातलं कोलेस्टेरॉल ओढून काढतात, हे खरं. पण तिथं बलकातले मेदकण त्या प्रथिनांना धरून ठेवतात, म्हणून वळूला बलक तारतो. मेंढ्याचं आणखी वेगळं. गोठवून वितळवलेल्या मेंढ्याच्या शुक्राणूंना प्लाझ्मा परत घातला तर त्यांचं आवरण काही अंशी सुधारतं, असं अभ्यासात दिसलंय.

रायबागकडचे एक धनगर अण्णा परवा प्रयोगशाळेत आले, मेंढ्यांसाठी अशाच स्ट्रॉ द्या म्हणाले. त्यांना म्हटलं, अण्णा, तुमची अडचण धुण्याची नाही. मेंढीच्या गर्भाशयाचं तोंड इतकं वेडंवाकडं की गन आत जात नाही, आणि गोठवलेलं वीर्य तोंडाशी सोडून फारसं हाती लागत नाही. त्याला दुर्बीण घालून पोटातून रेतन करावं लागतं. तोवर ताज्या वीर्याचं बघू, मेंढा घेऊन या.